जीबीएस, पण कोणता?

महोदय,

२०२५च्या जानेवारीत सिंहगड रस्ता परिसरात गुलेन बॅरे सिंड्रोमचे रुग्ण वाढले आणि ‘जीबीएस’ ही अक्षरे पुण्यात घरोघरी पोचली. त्यासोबत ‘जीबीएस विषाणू’, ‘जीबीएसची लागण’ हे चुकीचे शब्दप्रयोगही रुळले. हा जंतू नव्हे. लागण होते ती दूषित पाण्यातून किंवा कच्च्या राहिलेल्या चिकनमधून, कॅम्पिलोबॅक्टरसारख्या जिवाणूची. जुलाब होतात. मग साधारण एक ते तीन आठवड्यांत, मोजक्याच लोकांत, जंतूंविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटतात आणि पायांतले बळ जाऊ लागते. त्यावर इम्युनोग्लोब्युलिन (दात्यांच्या रक्तातून मिळवलेली प्रतिपिंडे) देतात किंवा प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला द्रव भाग, बदलतात. प्रतिजैविकाने (अँटिबायोटिकने) हा लुळेपणा हटत नाही. (प्रतिपिंड आणि प्रतिजैविक यांचीही बातम्यांत अदलाबदल होते.)

प्रसूतितज्ज्ञांच्या चिठ्ठीवरचा ‘जीबीएस’ मात्र खराच जिवाणू आहे: ग्रुप बी स्ट्रेप्टोकॉकस. गरोदरपणाच्या ३६-३७व्या आठवड्यात स्वॅब घेऊन तो शोधतात. सापडल्यास बाळाला संसर्ग होऊ नये म्हणून कळा सुरू झाल्यावर आईला शिरेतून पेनिसिलिन देतात. लुळेपणाच्या बातम्या वाचलेल्या गर्भवतीच्या हाती ‘जीबीएस पॉझिटिव्ह’ रिपोर्ट पडला तर तिने काय समजावे?

‘एनआयव्ही’चेही तेच. ‘नमुने एनआयव्हीला पाठवले’ म्हणजे पुण्यातली राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था. ‘रुग्ण एनआयव्हीवर आहे’ म्हणजे घशात नळी न घालता मास्कमधून दिलेला कृत्रिम श्वास. सगळा भार ‘ला’ आणि ‘वर’ यांच्यावर.

रोमन लिपीत एका अक्षराने वेगळे असलेले काही शब्द देवनागरीत तर एकच होऊन जातात. ‘इलियम’ हा लहान आतड्याचा शेवटचा भाग, आणि कमरेवर हात ठेवला की हाताला लागते ते रुंद हाडही ‘इलियम’च. ‘पेरोनियल’ आणि ‘पेरिनियल’ यांतही फरक एका स्वराचा. पहिला शब्द एका मज्जातंतूचा, तो गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूने जातो, प्लास्टर घट्ट बसून तो दबला तर पाऊल लोंबते; दुसरा शब्द प्रसूतीत टाके पडतात त्या भागाचा. हा घोळ टाळण्यासाठीच १९९८च्या आंतरराष्ट्रीय शरीररचना शब्दावलीने ‘पेरोनियल’ऐवजी ‘फिब्युलर’ला पसंती दिली.

म्हणून विनंती: बातमीत पहिल्या उल्लेखाला पूर्ण नाव आणि साधा मराठी अर्थ द्यावा, लघुरूप त्यानंतर वापरावे. मथळ्यात जागा कमी असली तर ‘जीबीएस’ऐवजी ‘मज्जातंतूंचा आजार’ लिहावे.

– वैद्यकीय मजकुराचे मराठी भाषांतर करणारे काही वाचक, पुणे