ब्लँकेट झाली, आता कागदपत्रांचं बघा

मा. संपादक,

थंडी पडली की फुटपाथवर ब्लँकेट वाटायला आपण सगळेच निघतो, आमचं मंडळही चार वर्षं भायखळ्यात वाटतंय, पण गेल्या वर्षी एका मावशींनी ब्लँकेट परत हातात दिलं आणि म्हणाल्या, "दादा हे ठेवू कुठे, पालिकेची गाडी आली की सगळं उचलून नेते, मागच्या खेपेला पोराचं आधारकार्डपण गेलं, ते काढून द्याल का?" आमच्यातल्या एकालाही ते कसं काढायचं माहीत नव्हतं. त्या रात्री झोप लागली नाही.

नंतर चौकशी केली तर कळलं की बेघरांसाठीच्या मान्यताप्राप्त निवाऱ्याच्या प्रमुखाचा दाखला आधारला पत्ता म्हणून चालतो. म्हणजे निवाऱ्यात जागा मिळाली की पत्ता मिळतो आणि त्याच्यामागून रेशनकार्ड, बँकेचं खातं. पण निवारे आहेत किती? सुप्रीम कोर्टाने २०१० मध्येच सांगितलंय, मोठ्या शहरांत लाख लोकांमागे एक निवारा, तोही चोवीस तास बारा महिने उघडा. २०११ च्या जनगणनेत मुंबई सव्वा कोटीच्या आसपास, म्हणजे सव्वाशे निवारे हवेत, आणि आपण त्याच्या जवळपासही नाही. सरकारी योजनेत हे निवारे चालवायला संस्थांना देता येतात, मग चांगल्या संस्थांनी पुढे यायला नको का?

आणि हे भायखळ्यातच होऊन गेलंय हो! १९८५ मध्ये 'स्पार्क' संस्थेने फुटपाथवरच्या कुटुंबांची मोजणी केली, तोवर ही माणसं कुणाच्या यादीतच नव्हती. मग तिथल्याच बायकांनी 'महिला मिलन' उभं केलं, रोजच्या कमाईतले रुपया-दोन रुपये बाजूला टाकत बचत केली, घर कसं हवं ते स्वतः ठरवलं, आणि पुढे त्यातल्या कितीतरी जणी मानखुर्दला स्वतःच्या घरात गेल्या. संस्थेने त्यांच्या वतीने नाही, त्यांच्या सोबत बसून काम केलं, मला तरी सगळ्यात मोठी गोष्ट हीच वाटते.

यंदा आमच्या मंडळाने ठरवलंय, ब्लँकेट निम्मी घ्यायची आणि उरलेल्या पैशातून एक कार्यकर्ती वर्षभर पगारावर ठेवायची, ती वस्तीवर जाऊन कागदपत्रं काढून देईल, झेरॉक्स आमच्या ऑफिसातल्या कपाटात ठेवेल म्हणजे गाडीने नेलं तरी परत काढता येईल. मावशींच्या पोराचं आधार पहिलं. इतर मंडळांनीही डिसेंबरच्या आत आपल्या मीटिंगमध्ये हा विषय घ्यावा ही कळकळीची विनंती.

— एक वाचक, भायखळा