यादी बाजूला ठेव, शाळेत जाऊन ये

प्रिय सुनील,

सप्रेम नमस्कार. चिऊसाठी शहरातल्या अकरा सरकारी प्राथमिक शाळांची सरासरी गुणांनुसार यादी केलीस आणि घराजवळची नवव्या नंबरावर आली म्हणून तुझी झोप उडाली. अरे, थोडा थांब.

सरासरी गुणांवरून बहुतेक वेळा एवढंच कळतं, की शाळेत कोणत्या घरांतली मुलं येतात. १९६६ साली अमेरिकेत समाजशास्त्रज्ञ जेम्स कोलमन यांनी देशभरातल्या शाळांचा मोठा अहवाल मांडला. गुणांतल्या फरकामागे शाळेच्या साधनांपेक्षा घरच्या परिस्थितीचाच वाटा मोठा निघाला. पहिल्या नंबरच्या शाळेत मुलं कदाचित घरूनच वाचायला शिकून येत असतील. तू विचार ते हे: पहिलीत आलेलं मूल चौथीपर्यंत कुठून कुठे पोचतं? शिवाय वर्गात वीसच मुलं असली आणि एकाला ऐंशीऐवजी चाळीस पडले, तर सरासरी दोन गुणांनी उतरते. तुझ्या यादीत पाचवी आणि नववी शाळा यांच्यात अंतर तीनच गुणांचं आहे! त्यासाठी जीव टांगणीला लावू नकोस.

पटसंख्या मात्र जरूर विचार. अमेरिकेतल्याच टेनेसी राज्यात १९८५ पासून चार वर्षं मुलांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं १३ ते १७ आणि २२ ते २५ मुलांच्या वर्गांत वाटलं होतं. लहान वर्गातली मुलं वाचनात, गणितात पुढे राहिली.

आमच्या मुलीच्या वेळी मी दोन शाळांत मागच्या बाकावर बसून आलो. यादीत वरच्या असलेल्या शाळेत वह्यांवर नुसत्या लाल फुल्या आणि बरोबरच्या खुणा. दुसऱ्या शाळेत एका मुलाने ५२ मधून २७ वजा करून ३५ लिहिले होते. बाई त्याच्याशेजारी खाली बसल्या आणि म्हणाल्या, "कसं केलंस, मला काड्यांनी दाखव." पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या मांडून तो सात काड्या काढायला गेला आणि अडला. बाई गप्प. मग त्यानेच एक गठ्ठा सोडला, मोजलं आणि खोडरबर मागितलं. त्याच दिवशी मी ठरवलं, मुलीला इथेच घालायचं.

तू मधल्या सुट्टीच्या आधी जा. वह्या मागून बघ, पुस्तकांच्या कपाटाला कुलूप आहे का ते बघ, मुलींचं स्वच्छतागृह कसं आहे तेही विचार. सोमवारी मला रजा आहे. सोबत हवी असेल तर कळव, येतो.

तुझा,
विजय