मेलेल्या जेलीफिशचाही डंख बसतो

माननीय संपादक,

रविवारच्या पुरवणीतला समुद्रसहलीवरचा लेख वाचल्यापासून डोकं फिरलेलं आहे, म्हणून आज लिहायला बसलो. जेलीफिशचा डंख बसला तर गोड्या पाण्याने धुवा आणि ओल्या वाळूने चोळा, असं तुमच्या लेखकाने बिनदिक्कत सांगितलं आहे. वर किनाऱ्यावर मरून पडलेल्यांची भीती नाही म्हणे! दोन्ही चूक. आणि पहिली चूक मी स्वतःच्या हाताने केलेली आहे.

तीन वर्षांपूर्वी श्रावणात चोर्ला घाट उतरून आम्ही सगळे गोव्याला गेलो होतो. माझ्या अकरा वर्षांच्या पुतणीने वाळूत पडलेला एक निळसर फुगा उचलला. तो फायसेलिया निघाला, ज्याला पोर्तुगीज मॅन ऑफ वॉर म्हणतात. दिसतो जेलीफिशसारखा, पण ती अनेक जीवांची मिळून एक वसाहत असते. फुग्याखालचा निळा दोरा तिच्या मनगटाला गुंडाळला आणि पोर किंचाळली. मी बाटलीतलं पिण्याचं पाणी ओतलं आणि वाळूने खसाखसा चोळलं. बघता बघता मनगटावरचा वळ कोपरापर्यंत गेला, लाल मण्यांची माळ उठावी तसा. शेवटी एका मासळीवाल्या मावशींनी माझा हात बाजूला सारला, समुद्राचं पाणी ओतलं आणि काडीने दोऱ्याचे तुकडे अलगद उचलले. दवाखान्यात सोसेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवला, तेव्हा कुठे तिचं रडणं थांबलं.

त्या दोऱ्यात अतिसूक्ष्म कुप्या असतात आणि प्रत्येकीत वेटोळं घालून बसलेली विषारी नळी. याच कुळातल्या हायड्रा या गोड्या पाण्यातल्या चिमुकल्या जीवाच्या कुपीत हवेच्या दाबाच्या सुमारे १५० पट दाब मोजला गेला आहे. स्पर्श झाला, भक्ष्याच्या अंगच्या रसायनाची चाहूल लागली की कुपी फुटते. त्याला प्राणी जिवंत असावा लागत नाही. खाऱ्याच्या जागी गोडं पाणी आलं की उरलेल्या कुप्याही फुटू लागतात आणि चोळण्याने त्यात भर पडते. विषाची प्रतिक्रिया जीवघेणीही होऊ शकते. फायसेलियापासून सुरू झालेलं काम पुढे समुद्रफुलांच्या (म्हणजे सी अ‍ॅनिमोन, जेलीफिशचेच खडकाला चिकटून राहणारे नातलग) विषावर नेऊन शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिए या फ्रेंच शास्त्रज्ञांनी १९०२ मध्ये अ‍ॅनाफिलॅक्सिसचा, म्हणजे जिवावर बेतणाऱ्या तीव्र अ‍ॅलर्जीचा शोध लावला. रिशेंना त्यासाठी १९१३ चं नोबेल मिळालं. म्हणून श्वास लागला तर घरगुती उपाय करत बसू नये, थेट दवाखाना गाठावा. लेखात याबद्दल अक्षर नाही.

या जीवांना ‘बिचारे, निर्बुद्ध’ म्हटलंय, तेही खटकलं. पळायला पाय नाहीत, अंगावर कवच नाही, तर रसायन हेच त्यांचं शस्त्र आणि हीच भाषा. जखमी समुद्रफुलातून अँथोप्ल्युरिन नावाचं द्रव्य पाण्यात सुटतं आणि शेजारची समुद्रफुलं लगेच आपले तंतू आत ओढून घेतात. हे १९७५ सालीच कळलेलं आहे.

एक विनंती. दुरुस्ती पुरवणीत छापू नका. खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावात रविवारची पुरवणी सोमवारी दुपारी येते, हे मी पूर्वीही दोनदा कळवलं आहे. तोवर लोक गोव्याहून परतलेले असतात. शुक्रवारच्या मुख्य अंकात, पहिल्या पानावर छापा.

आपला,
एक जुना वाचक, खानापूर (जि. बेळगाव)