तबकडीवर टेकवलेले बोट

ठाणे,
दि. ११ ऑगस्ट

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार, वि. वि.

तुझे पत्र गेल्या आठवड्यात मिळाले. धाकटा दिवसभर रॅप ऐकतो, आता स्वतःही काहीबाही जुळवू लागला आहे, आणि "यात गाणे कुठे आहे, हे तर नुसते भराभर बोलणे," असे तू वैतागून लिहिले आहेस. फोनवर दोन वाक्यांत उरकावे असा हा विषय नाही. शिवाय हे सगळे जिथून सुरू झाले त्या रात्रीची तारीखही आजचीच आहे, म्हणून सवडीने लिहायला बसलो आहे.

११ ऑगस्ट १९७३. न्यूयॉर्क शहरातील ब्रॉन्क्स हा भाग, सेजविक अव्हेन्यूवरील १५२० क्रमांकाची उंच इमारत आणि तिच्या तळमजल्यावरची रहिवाशांच्या सामायिक वापराची खोली. सिंडी कॅम्पबेल नावाच्या मुलीला शाळा सुरू होण्यापूर्वी नवे कपडे घ्यायचे होते आणि त्यासाठी पैसे हवे होते, म्हणून तिने ही पार्टी ठरवली. आमंत्रणे हाताने लिहिलेली, प्रवेश मुलींना २५ सेंट आणि मुलांना ५० सेंट. रेकॉर्ड वाजवायचे काम तिच्या अठरा वर्षांच्या भावाकडे, क्लाइव्हकडे होते. त्यालाच पुढे जग डीजे कूल हर्क म्हणून ओळखू लागले. हे कुटुंब जमैकातील किंग्स्टनचे. क्लाइव्ह १९६७ साली ब्रॉन्क्सला आला तेव्हा भल्यामोठ्या कर्ण्यांची, रस्त्यावर नाचायला लावणारी जमैकन 'साउंड सिस्टिम' त्याच्या कानात आधीच घुमत होती.

हर्कने एक गोष्ट हेरली होती, आणि ती तुझ्यासारख्या ढोलकी वाजवणाऱ्याला लगेच पटेल. कडवे संपते, गाणारा श्वास घेतो आणि ढोलकीवाला लग्गी लावतो, तेव्हा बैठकीत मागे रेलून बसलेली माणसेही सरसावून पुढे येतात, हे तू कितीदा अनुभवले आहेस. अमेरिकन गायक जेम्स ब्राउनच्या रेकॉर्डमध्येही अशी जागा येई. गायक आणि बाकीची वाद्ये थांबत आणि फक्त ड्रमचा ठेका उरे. तिला 'ब्रेक' म्हणतात. नाचणारी पोरे याच जागेची वाट पाहत उभी राहतात आणि ती काही सेकंदांत सरते, हे हर्कच्या लक्षात आले. मग त्याने एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन यंत्रांवर लावल्या. एकीवरचा ब्रेक संपत आला की दुसरीवर तोच पुन्हा सुरू, तोवर पहिलीची सुई मागे. काही सेकंदांची लग्गी अशी मिनिटेच्या मिनिटे चालू राहिली. तेव्हा, मित्रा, तुझ्या प्रश्नाचे माझे उत्तर असे आहे की रॅपचा जन्म तोंडातून झालाच नाही, तो हातातून झाला. बोलणे मागाहून आले.

हर्कची सुई अंदाजाने पडे, त्यामुळे ठेका मधेच अडखळे. ही उणीव ग्रँडमास्टर फ्लॅश या दुसऱ्या डीजेने दूर केली. त्याचे खरे नाव जोसेफ सॅडलर, जन्म बार्बाडोसचा, शिक्षण इलेक्ट्रॉनिक्सचे. ब्रेक नेमका कुठे सुरू होतो तिथे त्याने रेकॉर्डवर मेणखडूने रेघ मारली आणि किती फेरे उलटे फिरवले की ठेका अचूक समेवर येतो, याचा हिशेब बसवला. रेकॉर्ड हाताने अडवली तरी खालची तबकडी फिरत राहावी म्हणून त्याने कापडाचा गोल तुकडा कापून, कांजीने कडक करून मधे घातला. आणि सगळ्यांत मोठे धाडस म्हणजे त्याने रेकॉर्डवर सरळ बोटे ठेवली. ज्या वस्तूला कडेने धरायचे, पृष्ठभागाला स्पर्शही करायचा नाही, अशी शिकवण घरोघरी होती, तिच्यावर.

इथे मला आपल्या गल्लीचा गणपती आठवल्याशिवाय राहत नाही. आपण सातवीत होतो. लाउडस्पीकरवाला चहाला गेला असताना तू फिरत्या रेकॉर्डवर बोट टेकवलेस. लावणी घोगरी होत होत जवळजवळ थांबली, तू बोट उचललेस आणि ती पुन्हा सुरात चढली, आणि मंडपातली सगळी पोरे ओरडली, "परत कर, परत कर!" तुझ्या पाठीत धपाटा बसला आणि तो विषय तिथेच संपला. त्याच दशकात ब्रॉन्क्समध्ये थिओडोर नावाचा मुलगा आपल्या खोलीत मोठ्याने रेकॉर्ड वाजवत होता. आई दारात येऊन रागावू लागली, तिचे बोलणे ऐकताना त्याने रेकॉर्ड हाताने धरून ठेवली आणि ती नकळत मागेपुढे होत राहिली. तो खरखरीत आवाज त्याला आवडला. त्याने तो महिनोन्‌महिने घोटला आणि त्यातून 'स्क्रॅच' निघाला. तुझा धपाटा आणि त्याच्या आईचे रागावणे यांत मला फार अंतर दिसत नाही. त्याने मात्र दुसऱ्या दिवशी पुन्हा बोट टेकवले.

त्या वस्तीची स्थिती कशी होती हेही सांगायला हवे. ब्रॉन्क्सच्या पोटातून महामार्ग नेताना हजारो कुटुंबे उठवली गेली होती, विम्याच्या पैशांसाठी घरमालकच इमारती जाळत होते आणि १९७५ साली शहराची तिजोरी रिकामी झाल्यावर सरकारी शाळांमधले संगीताचे वर्गही आटले. ट्रम्पेट आणि व्हायोलिन हाती येण्याची आशा नसलेल्या मुलांनी घरातल्या रेकॉर्डलाच वाद्य केले. गरिबीतून कला आपोआप उगवते, असे लोक सहज म्हणून टाकतात. मला ते पटत नाही. ही मुले तासन्‌तास मोजणी करत, तारा जोडत, चुकत आणि पुन्हा करत बसली होती. तो रियाझ होता, आणि त्याला रियाझच म्हणावे.

आता बोलण्याकडे वळतो. हर्कजवळ कोक ला रॉक नावाचा मित्र माइक घेऊन उभा राही. गर्दीतल्या ओळखीच्यांची नावे पुकारणे, नाचणाऱ्यांना चेव आणणे, एवढेच त्याचे काम. हळूहळू पुकाऱ्यांना यमके जुळली, यमकांच्या ओळी झाल्या आणि एकमेकांना आव्हान देणारे गट उभे राहिले. १९८१ च्या डिसेंबरात न्यूयॉर्कच्याच हार्लेम भागात कूल मो डी या रॅपरने लोकप्रिय रॅपर बिझी बीला भर कार्यक्रमात जागच्या जागी शब्दांनी नामोहरम केले. त्याची ध्वनिफीत ऐकताना मला कलगी-तुऱ्याचा फडच समोर दिसतो.

रेकॉर्ड कंपन्यांना मात्र हवा होता तो बोलणारा. १९७९ साली न्यू जर्सीच्या सिल्व्हिया रॉबिन्सनने तीन तरुण जमवून 'रॅपर्स डिलाइट' काढली, चौदा मिनिटांहून लांब, आणि ती जगभर गाजली. तीत डीजे नव्हताच. वादकांनी दुसऱ्या एका गाण्याची चाल पुन्हा वाजवली होती. त्या तिघांतल्या एकाने ग्रँडमास्टर कॅझ या रॅपरच्या ओळी जशाच्या तशा म्हटल्या, इतक्या की कॅझचे टोपणनावही त्यांत अक्षर न्‌ अक्षर उच्चारले गेले, पण श्रेयनामावलीत कॅझ नव्हता. हे वाचले तेव्हा मला फार वाईट वाटले, आणि अजूनही वाटते. १९८२ ची 'द मेसेज' मात्र निराळी. ठेका संथ, आणि मेली मेल व ड्यूक बूटी हे रॅपर वस्तीतले दैनंदिन जगणे न लपवता सांगतात. पार्टीसाठी जन्मलेली ही कला इतके ओझे पेलू शकते, हे तेव्हा कळले. रेकॉर्डवर नाव फ्लॅशचे आहे, पण त्याचे हात तीत कुठेच नाहीत.

पुढचे तुझ्या मुलाला माझ्याहून अधिक ठाऊक असेल. एकच सांगतो. जेम्स ब्राउनचा ड्रमवादक क्लाइड स्टबलफील्ड याने १९६९ साली वाजवलेला एक छोटा ठेका नंतर शेकडो गाण्यांत उचलला गेला. त्याला त्याचा मोबदला जवळजवळ मिळालाच नाही. त्याच वर्षी ग्रेगरी कोलमनने वाजवलेल्या सहा सेकंदांच्या तुकड्यावर इंग्लंडमध्ये संगीताचा आख्खा प्रकार उभा राहिला. कोलमन २००६ साली बेघर अवस्थेत वारला.

आणि आपल्याकडे? कुर्ल्याचा रॅपर नेझी लहानपणी शॉन पॉल या जमैकन गायकाची गाणी पाठ करत असे, आणि शॉन पॉल किंग्स्टनचा, हर्कच्याच गावचा. नेझीने आपले पहिले गाणे वडिलांनी दिलेल्या आयपॅडवर केले. २०१५ साली तो आणि अंधेरीचा रॅपर डिव्हाइन 'मेरे गली में' हे गाणे घेऊन आले, आणि त्यानंतर धारावीपासून पुण्यापर्यंत पोरे आपापल्या बोलीत म्हणू लागली. तुझा मुलगा त्याच रांगेत आहे. फक्त त्याचा ठेका संगणकातून तयार येतो, हात त्याच्या नजरेआड राहिला आहे, आणि तो हात तुझ्याकडे आहे.

तेव्हा एक काम कर. इन्क्रेडिबल बाँगो बँडची 'अपाची' त्याला लावायला सांग. हर्कची ही लाडकी रेकॉर्ड. मधे बाँगो आणि ड्रम एवढेच उरतात तेवढाच भाग दोघांनी पुन्हा पुन्हा ऐका, मग ढोलकी काढ आणि त्याला वर बोलू दे. सम तुला कुठे सापडते ते मला सविस्तर लिही.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
जुना मित्र