‘विंड ऑफ चेंज’ मॉस्कोचे, बर्लिनचे नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवार पुरवणीतला पॉवर बॅलडवरचा (रॉक बँडच्या संथ, भावुक गाण्यांवरचा) लेख एका बैठकीत वाचून काढला. ‘स्कॉर्पियन्स’ या जर्मन रॉक बँडच्या ‘विंड ऑफ चेंज’ला त्यात मानाची जागा मिळाली, याचा आनंद झाला. पण ‘बर्लिनची भिंत पडल्यावर सुचलेले गाणे’ हे वाक्य काही घशाखाली उतरेना. घटनाक्रम उलटा झाला आहे.

हॅनोव्हरचा हा बँड ऑगस्ट १९८९ मध्ये मॉस्कोच्या लेनिन स्टेडियमवर वाजवायला गेला होता. बॉन जोव्ही, ऑझी ऑस्बॉर्न, मॉट्ली क्रू ही मंडळीही होती. बंदोबस्तावरचे लाल सैन्याचे जवान गाणी सुरू होताच मंचाकडे वळले आणि टोप्या हवेत उडवू लागले, अशी आठवण गायक क्लाउस माइने सांगतात. त्याच मुक्कामात मॉस्कवा नदीतून बोटीने गॉर्की पार्ककडे जाताना गाण्याचे बीज पडले. सुरुवातीच्याच ओळींत ती नदी आणि ते पार्क आहे. भिंत पडली ९ नोव्हेंबरला, म्हणजे जवळजवळ तीन महिन्यांनी.

एरवी या बँडच्या चाली बहुतेक गिटारवादक रुडॉल्फ शेंकर यांच्या. या गाण्याचे शब्द आणि चाल दोन्ही माइने यांचे, सुरुवातीची ती शिटीसुद्धा. रेकॉर्ड कंपनीला म्हणे शिटी नको होती! आमच्या वसतिगृहात गाण्याचे शब्द कुणालाच धड येत नसत, पण शिटी मात्र रात्री अकरानंतरही वाजायची, आणि रेक्टर दार ठोठवायचे.

गोंधळ होण्याचे कारण उघड आहे. ‘क्रेझी वर्ल्ड’ हा अल्बम आला १९९० च्या अखेरीस आणि हे गाणे सिंगल म्हणून निघाले १९९१ च्या सुरुवातीला. तोवर भिंत पडून जर्मनी एक झाली होती, आणि व्हिडिओतही भिंतीची दृश्ये होती. ऐकणाऱ्यांनी दोन्हींची गाठ घातली. गाणे जर्मनीत पहिल्या क्रमांकावर गेले, ब्रिटनमध्ये दुसऱ्या आणि अमेरिकेत ‘बिलबोर्ड’च्या यादीत चौथ्या. अमेरिकेत ते वर चढत होते तो १९९१ चा ऑगस्ट. मॉस्कोत सोव्हिएत अध्यक्ष गोर्बाचेव्ह यांच्याविरुद्धचा उठाव फसला, तोच महिना. डिसेंबरमध्ये गोर्बाचेव्ह यांनी बँडला क्रेमलिनमध्ये बोलावून घेतले, आणि थोड्याच दिवसांत सोव्हिएत संघ उरला नाही.

तारखेवरून एवढा आग्रह का, असे कुणी विचारेल. भिंत पाडून झाल्यावर बदलाचे वारे कुणालाही जाणवले असते. इथे पश्चिम जर्मनीतल्या माणसांना मॉस्कोत उभे राहून ते आधीच जाणवले होते. आमचे वडील (दुसऱ्या महायुद्धात) इथे रणगाडे घेऊन आले होते, आम्ही गिटार घेऊन आलो, अशा अर्थाचे माइने बोललेही आहेत. लेखातल्या त्या एका वाक्याने नेमके हेच पुसले जाते.

२०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केल्यावर बँडने मैफलीत गाताना मॉस्कवा आणि गॉर्की पार्कची ओळ काढून तिथे युक्रेनचे नाव घातले. गाणे भिंतीचे असते तर ही वेळ त्यांच्यावर आलीच नसती.

दुरुस्तीची चौकट छोटी असली तरी चालेल.

– एक वाचक, डोंबिवली