अण्णा, आमच्या आईला विचारल्याबद्दल थँक्यू

अण्णा, नमस्कार.

तुम्हाला समोर थँक्यू म्हटलं की तुम्ही "असू दे की ओ, त्यात काय" म्हणून हात झटकता आणि लगेच कुठल्यातरी फांदीकडं बघायला लागता, म्हणून इथं सगळ्यांसमोर लिहितेय, म्हणजे तुम्हाला पळता येणार नाही. नाव टाकत नाही, ते तुम्हाला आवडायचं नाही. पण बेळगावात रविवारी उजाडायच्या आधी गळ्यात जुनी दुर्बीण अडकवून मागं दहाबारा पोरं घेऊन फिरणारा रिटायर्ड लाइनमन कोण, हे ज्याला कळायचं त्याला कळेलच.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी आधी आईचं सांगते. तिला काचबिंदू आहे. ह्यात आधी कडेकडेची नजर जाते, दुखत नाही खुपत नाही त्यामुळं माणसाला पत्ताच लागत नाही, आणि एकदा गेलेली नजर परत येत नाही, ड्रॉप्स टाकून उरलंय तेवढं सांभाळायचं. आईला आता समोरचं थोडंसं, तेही नळीतून बघितल्यासारखं दिसतं. बाबा गेल्यावर जांबोटीकडचं गावातलं घर बंद करून आम्ही तिला टिळकवाडीत आणलं आणि इथं फ्लॅटमध्ये तिचं काय झालं तर सगळे तिला फक्त सांगायला लागले. इथं बस, तिकडं जाऊ नको, गॅसला हात लावू नको, पडशील, थांब मी येते. प्रेमानंच हो, पण दिवसभर तेच. जन्मभर शेत बघितलेली बाई, सोफ्यावर बसून टीव्हीतल्या बायकांची भांडणं ऐकायची.

इथं टिळकवाडीतच व्हॅक्सिन डेपोची झाडी आहे, तिथं मी तिला सकाळी हात धरून फिरवायची तेव्हाची गोष्ट. तुमची पोरं एका झाडाखाली माना वर करून उभी होती, तांबट टुक टुक टुक करत होता आणि कुणालाच दिसत नव्हता. आई थांबली, जरा मान कलती केली, आणि मला म्हणाली, "ही पोरं कुठं बघूलेत गं? तो मागच्या झाडावर हाय की." जरा मोठ्यानंच म्हणाली. मला वाटलं आता तुम्ही "अरे वा आजी" वगैरे म्हणून हसाल, म्हाताऱ्या माणसांशी बोलतात तसं. तुम्ही मागच्या झाडावर दुर्बीण लावली, शेंड्याला वाळक्या काटकीवर तो चिमणीएवढा हिरवा गडी, कपाळ लाल, गळा पिवळा, बसलेला होताच. मग तुम्ही आईजवळ येऊन विचारलं, "अक्का, कसं ओळखला सांगा की. माझी पण दरवेळी फसगत होतीय."

आणि आईनं सांगितलं. की हा बोलताना मान इकडं तिकडं फिरवतो, म्हणून आवाज कधी ह्या अंगानं कधी त्या अंगानं आल्यासारखा वाटतो, एक टुक ऐकून बोट दाखवायचं नाही, पाचसहा ऐकायचे आणि त्यातला सगळ्यात स्वच्छ येतो तो धरायचा. मला हे काहीच माहीत नव्हतं! तिची मुलगी असून. तुम्ही खिशातली छोटी वही काढून ते लिहून घेतलंत आणि पोरांना म्हणालात, आता डोळे मिटून परत ऐका. त्या पोरांनी डोळे मिटले आणि आई, कितीतरी महिन्यांनी, अशी ताठ उभी राहिलेली मी बघितली.

तुमच्या ग्रुपवर रविवारचा मेसेज यायला लागला तेव्हा आमच्या नात्यातल्या एकदोघांनी बोलून दाखवलं की दिसत नाही त्या बाईला पक्षी बघायला नेतायत, काय कौतुक. आईनं ऐकलं ते. तिचे कान कसे आहेत ते सगळ्यांना माहिताय, तरी लोक तिच्यासमोर हळू आवाजात बोलतात हा मला अजून न सुटलेला प्रश्न आहे. रविवारी पाचला उठून साडीवर स्वेटर चढवून ती दारात उभी, मीच अजून झोपेत.

राकसकोपला पहिल्यांदा गेलो तेव्हा थंडी होती, पाण्यावर वाफा, पलीकडं चंदगडचे डोंगर. बेळगावचं पिण्याचं पाणी तिथून येतं एवढंच मला माहीत होतं. तुम्ही आईला काठावर दगडावर बसवलंत आणि पोरांना सांगितलंत, तुम्ही बघून लिहा, अक्का ऐकून सांगतील, शेवटी दोन्ही याद्या जुळवू. डोक्यावरून चिझिक चिझिक करत काहीतरी गेलं, आई म्हणाली धोबी, पोरांना तोवर दिसलापण नव्हता. टिटवी ओरडली तर आई म्हणाली, तिच्या घरट्याकडं कुणीतरी चाललंय, हाका मारा त्याला. खरंच, एक पोरगा फोटो काढायला काठाच्या खड्यांतून पुढं चालला होता. तुम्ही त्याला मागं बोलावलंत आणि मग सगळ्यांना दाखवलंत की टिटवी नुसत्या जमिनीवर चार खडे इकडं तिकडं करून अंडी घालते, अंडी खड्यांसारखीच ठिपक्यांची, पाय पडला तरी कळायचं नाही. त्या दिवशी अंडी नव्हती, पण ती पोरं आता कुठल्याही माळावर खाली बघून चालतात.

येताना रस्त्याकडंच्या वडावर हरियलांचा थवा आणि त्याच्या शेजारून गेलेल्या तारेवर नीलपंख. एक महाराष्ट्राचा राज्यपक्षी, एक कर्नाटकाचा. ग्रुपमधल्या एका काकांनी लगेच विचारलं, झाड कुणाच्या हद्दीत येतंय ते बघा आधी, आणि सगळी गाडी हसली, मराठी शाळेतली, कन्नड शाळेतली, उर्दू शाळेतली सगळी पोरं. 1956 पासून आपल्याकडं जे चाललंय ते चाललंय, त्यावर इथं लिहीत नाही.

तारेवरून आठवलं. तुम्हाला पक्ष्यांचा नाद कसा लागला हे मी एकदा विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, खांबावर चढलं की दुसरं बघायला काय असतंय? कोतवाल, वेडा राघू, खाटीक, नीलपंख, सगळे आपल्याच ऑफिसात बसलेले. मग पोरांना समजावलंत की एकाच तारेवर बसलेल्या पक्ष्याला शॉक का बसत नाही, आणि मोर किंवा मोठं वटवाघूळ पंख पसरून एकदम दोन तारांना टेकलं की का मरतं. लाइनवरून तशी मेलेली वटवाघळं काढायचं काम तुमच्याकडं असायचं. त्यातलं एक मादी होतं आणि पोटाला पिल्लू जिवंत चिकटलेलं होतं, एवढं सांगून तुम्ही विषय बदललात. पुढं काय झालं ते कुणी विचारलं नाही.

जांबोटीचं मात्र मला सविस्तर लिहायचंय, कारण तो आईचा मुलूख. एप्रिल होता, ऊन चढायच्या आधी आम्ही रानाच्या कडेला पोचलो. पहिल्यांदा एकदम खदाखदा हसल्यासारखा आवाज आला, शहरातली पोरं दचकली, आई खुश. "धनेश हाय. नर दिसतोय, बायकोला खायला घेऊन चाललाय." तुम्ही तिला विचारलंत, बायको कुठं असेल अक्का? आणि मग तुम्ही दोघांनी मिळून सांगितलं, थोडं तुम्ही थोडं आईनं, की मादी झाडाच्या ढोलीत शिरते आणि आतून तोंड लिंपून घेते, फक्त चोच जाईल एवढी फट ठेवते, आणि अंडी, पिल्लं सगळं होईपर्यंत नर बाहेरून फळं, किडे आणून त्या फटीतून भरवतो. नर मेला तर आतली सगळी उपाशी. आई म्हणाली आमच्या गावात ढोलीचं झाड तोडायचं नाही म्हणून म्हातारी माणसं सांगायची, कारण कधी सांगितलं नाही, आता कळलं. तुम्ही परत वही काढलीत.

मग शिक्रा ओरडला. तीक्ष्ण, दोनदोनदा. पोरांपैकी एकाच्या मोबाईलमध्ये आवाज ओळखायचं ॲप आहे, त्यानं पण शिक्रा दाखवलं, सगळे वर शोधायला लागले. आई गप्प. तुम्ही विचारलंत, अक्का?

"शिक्रा न्हाई."

"मग?"

"शिक्रा असता तर ते बुलबुल अजून तिथं बडबडत बसले असते व्हय?"

खरंच, डावीकडच्या झुडपात बुलबुल निवांत बोलत होते, सातभाई खाली पाला उलटापालटा करत होते, कुणाला काही पडलेलं नव्हतं. शिकारी पक्षी आला की हीच मंडळी आधी कालवा करतात आणि मग एकदम चिडीचूप होतात. दोनतीन मिनिटांनी फांदीवरून भृंगराज उडाला, काळा कुळकुळीत, शेपटीला दोन लांब तारा आणि तारांच्या टोकाला पिसांचे झुबके, आणि उडता उडता त्यानंच परत शिक्र्याचा आवाज काढला. नकलाकार! तुम्ही एवढे हसलात अण्णा, की दुर्बीण छातीवर आपटत होती. आणि त्यावर तुम्ही पोरांना जे सांगितलंत ते मला आवडलं, की अक्कांनी एक पक्षी नाही ऐकला, सगळं रान ऐकलं. एवढंच बोललात, भाषण केलं नाही.

परतताना गाडीत आई बोलत सुटली. लहानपणी तिचे वडील रात्री शेतातल्या माळ्यावर भाताची राखण करायला जायचे, रानडुकरं यायची, आणि ही हट्टानं त्यांच्याबरोबर. रातवा कुठं बोलतो, भेकर कसं भुंकतं, वानरं खकारली की बिबट्या कुठल्या ओढ्यानं उतरला असेल, हे सगळं तिला तिथं अंधारात कळलेलं. डोळ्याचा संबंधच नव्हता! मला हे आयुष्यात पहिल्यांदा कळत होतं आणि मी ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसून ऐकत होते, कारण पुढं तुम्ही विचारत होता म्हणून ती सांगत होती. पावशाचं पण तेव्हाच सांगितलं तिनं, तो "पेरते व्हा, पेरते व्हा" म्हणायला लागला की धूळवाफेच्या पेरणीची तयारी. तुम्ही सांगितलंत की हाच पावशा स्वतः मात्र काही पेरत नाही, अंडी सातभाईच्या घरट्यात टाकून मोकळा होतो. आई म्हणाली, असे पुढारी आमच्या गावात पण होते.

एक गोष्ट आधी मला जरा कडक वाटायची आणि आता पटते. तुम्ही कुणाला मोबाईलवर पक्ष्याचा आवाज वाजवू देत नाही. मागं एकदा चोर्ल्याच्या रस्त्यावर मोठमोठ्या लेन्सा घेतलेले दुसरे लोक भेटले, ते स्पीकरवर एकच आवाज पुन्हा पुन्हा लावून बसले होते आणि एक छोटा पक्षी वेड्यासारखा ह्या फांदीवरून त्या फांदीवर करत होता. तुम्ही शांतपणे सांगितलंत की विणीचे दिवस आहेत, त्याला वाटतंय दुसरा नर हद्दीत घुसलाय, तो घरटं सोडून भांडायला आलाय. त्यांनी ऐकलं नाही. आई गाडीत बसल्यावर म्हणाली, "खोटं बोलावूलेत त्याला." फोटो चांगले आले असतील त्यांचे.

तसंच बारापेड्याच्या गुहांचं. पोरांनी किती मागं लागून बघितलं. भीमगड अभयारण्यात तळेवाडीजवळच्या त्या गुहांमधलं वटवाघूळ 1913 साली शास्त्रज्ञांनी पहिल्यांदा नोंदवलं, राउटनचं वटवाघूळ म्हणतात त्याला, आणि नंतर मेघालयात आणि कंबोडियात सापडेपर्यंत जगात फक्त आपल्या खानापूर तालुक्यातच आहे असं मानायचे. एवढं सगळं तुम्हीच रंगवून सांगता आणि मग म्हणता, आपण जायचं नाही, अभयारण्य आहे, परवानगी लागते, आणि परवानगी मिळाली तरी झोपलेल्यांच्या घरात टॉर्च घेऊन घुसायचं कशाला. पोरं हिरमुसतात. हिरमुसू देत.

आणि सगळ्यात मोठं थँक्यू त्या फेब्रुवारीतल्या पक्षीगणनेबद्दल. चार दिवस जगभर लोक आपापल्या जागी कमीत कमी पंधरा मिनिटं बसून पक्षी मोजतात, हे आम्हाला तुमच्याकडून कळलं. आई म्हणाली मला काय दिसणार, तुम्ही म्हणालात ऐकलेला पक्षी पण यादीत धरतात अक्का, नियम आहे, मी मनानं सांगत नाही. तुम्ही आमच्या बाल्कनीत येऊन स्टुलावर बसलात, चहा पण नंतर म्हणालात, आणि आई सांगेल तसं लिहीत गेलात. दयाळ, शिंपी, तांबट, कोकीळ, भारद्वाज, पोपट, खाली गटारीपाशी खंड्या. खंड्यावर मी म्हटलं इथं कुठला खंड्या, तर दोघांनी एकदम मला गप्प केलं. ती यादी आईच्या नावानं गेली. तिच्या नावावर आजवर रेशन कार्ड आणि गावातला जमिनीचा उतारा सोडून कुठंही काही लिहिलेलं नव्हतं. यादीचं प्रिंटआउट तिनं देव्हाऱ्याच्या फळीवर ठेवलंय, वाचता येत नाही तरी जागेवर आहे का ते हातानं बघते.

घरात पण बदललंय अण्णा. मी हल्ली सकाळी तिला "खिडकीपाशी जाऊ नको" म्हणायच्या ऐवजी विचारते, आज कोण कोण आलं? मग ती अर्धा तास सांगते आणि मला उद्यमबागला कामावर जायला उशीर होतो, ते काही तुमच्या अंगावर घालत नाही. माझा मुलगा कधी नव्हे ते आजीच्या खोलीत जाऊन बसतो. तो तिला यूट्यूबवर कुठलेतरी परदेशातले आवाज लावून दाखवतो, ती म्हणते हा आपल्यातला नव्हे.

डब्यात कुंदा पाठवलाय, आईनं स्वतः उभं राहून आटवला, गॅसपाशी मी होते पण हात तिचाच. डबा परत करायची घाई करू नका. नोव्हेंबरात घटप्रभेला धूपदाळला जायचं तुम्ही म्हणाला होता, कांड्या करकोचे मध्य आशियाकडून हिमालय ओलांडून येतात तिथं, आईनं कधी ऐकले नाहीत म्हणून तिची फार इच्छा आहे, तेव्हा गाडीत पुढची सीट तिला ठेवा. आणि त्याआधी एकदा संध्याकाळी घरी या, आमच्या मागच्या नारळावर रोज रात्री जो ओरडतो तो पिंगळा का गव्हाणी घुबड यावरून आई आणि शेजारच्या काकू दोघींची बोलाचाली बंद व्हायची वेळ आलीय, मी आईच्या बाजूनं आहे पण माझं कोण ऐकतंय.

तुमची,
टिळकवाडीतल्या अक्कांची मुलगी