घाम न येणारी लाली

सांगली,
रविवार दुपार

प्रिय सुमे,

फोनवर तू रडायला लागतेस आणि मग मलाच तुझी समजूत काढावी लागते, म्हणून पत्र. तब्येत बरी आहे. वजन उतरलंय, बाकी काही नाही. आजाराचं नाव ह्यांनी तुला सांगितलंच आहे: न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर, म्हणजे संप्रेरकं सोडणाऱ्या पेशींचा कॅन्सर.

वासूच्या लग्नात मोरपंखी पैठणीवरून आपलं वाजलं होतं, आठवतं? (पैठणी माझीच होती, आजही तेच म्हणेन.) भांडता भांडता तू थांबलीस. म्हणालीस, "मंगे, तोंड टोमॅटोसारखं झालंय आणि घामाचा टिपूस नाही! पाळी जाताना मी तर चिंब व्हायचे." नव्या डॉक्टरीणबाईंना मी तुझं हे वाक्य जसंच्या तसं ऐकवलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. "आणि पोट?" सुमे, तोवर लाली एका डॉक्टरांकडे आणि जुलाब दुसऱ्यांकडे. एक म्हणायचे पाळी, दुसरे म्हणायचे आयबीएस, म्हणजे पोट नाजूक, टेन्शन घेऊ नका. दोन्ही एकाच बाईला होतंय, हे कुणी जोडूनच पाहिलं नव्हतं.

दुर्बीण वरून घातली, खालून घातली, दोन्ही नॉर्मल. हा ट्यूमर बसलेला मधे, लहान आतड्यात. तो सेरोटोनिन आणि तसलीच आणखी रसायनं रक्तात सोडत राहतो. आतड्यातून आलेली ही रसायनं यकृत मोडून टाकतं, पण गाठी यकृतातच उतरल्या की ती थेट सगळ्या अंगाच्या रक्तात जातात, तोंड लाल होतं आणि जुलाब लागतात. म्हणजे लाली दिसेपर्यंत तो बहुतेकदा पुढे गेलेला असतो. ह्याचा मला फार राग येतो, अजून येतो.

सेरोटोनिनसाठी लघवीची तपासणी होती, त्याआधी केळी, अक्रोड, अननस बंद, आणि तुझा टोमॅटोसुद्धा, कारण त्यांतही ते असतं! चोवीस तासांची लघवी कॅनमध्ये साठवायची होती. बंड्या आला आणि विचारतो, "वहिनी, ताक कुणाकडचं?" हे इतके हसले की चष्मा पडला.

पण पत्राचं कारण वेगळंच आहे. मुक्ता जर्मनीची नोकरी सोडायला निघालीय. नाव कळल्या दिवसापासून तिच्या डोक्यात इरफान खान, त्यालाही हाच होता. २०१८ ला कळलं, २०२० च्या एप्रिलमध्ये गेला, एवढंच ती मोजते. भेटायला येणारेही "तोच ना?" म्हणतात आणि चहाच्या कपात बघत बसतात. अगं, नाव एक असलं तरी प्रत्येकाचा वेग निराळा. गाठीतल्या किती पेशी वाढताहेत हे सांगणारा माझा केआय-६७ हा आकडा ३ टक्क्यांच्या आत आहे, म्हणजे ग्रेड एक, सावकाश वाढणारा. डॉक्टरीणबाई स्पष्ट बोलल्या: "हा पूर्ण जाईल असं मी म्हणणार नाही. पण ह्याच्यासोबत वर्षानुवर्षं जगणारे पेशंट आहेत." दर चार आठवड्यांनी कमरेत ऑक्ट्रिओटाइडचं इंजेक्शन. शेवटच्या आठवड्यात लाली पुन्हा डोकावते, मग पोट बिघडलं की कळत नाही, हा तो की कालची भेळ. अधूनमधून इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, कारण सेरोटोनिनने हृदयाच्या उजव्या झडपा जाड होतात. त्याची मला धास्ती आहे, तुझ्यापासून काय लपवू. इंजेक्शन पुरेनासं झालं तर ल्युटेशियम हे किरणोत्सारी औषध आहे. ते आपल्या ट्रॉम्बेच्या ध्रुव अणुभट्टीत तयार होतं आणि परळला देतात. औषध गाठीला शोधत जाऊन तिला चिकटतं आणि तिथेच किरण सोडतं. मला तर ह्याचा अभिमानच वाटतो.

हे सगळं मुक्ताला सांगितलं. ती मान हलवते आणि पुन्हा परतीचं तिकीट बघते. आईची सेवा करायची म्हणे. मला सेवा नको गं, तिने तिथे मन लावून काम केलेलं हवंय. वर्षानुवर्षांचा आजार असेल तर ती किती वर्षं उशाशी बसणार? आम्ही दोघं बोललो की तिला वाटतं आम्ही लपवतोय. तुझं मात्र ती ऐकते, अगदी लहान असताना तुझ्याच हातून कारलं खायची. तिला फोन कर. रागावलीस तरी चालेल. रिपोर्ट ह्यांना पाठवायला सांगते, वाचून मग बोल, म्हणजे तिने अडवलं तर अडखळणार नाहीस.

तुझा गुडघा कसा आहे? कार्तिकला मुलगी पसंत पडली की नाही? नलूमावशींना नमस्कार.

यायचं असेल तर इंजेक्शननंतरच्या आठवड्यात ये, तेव्हा पोट शहाणं असतं. पण आधी मुक्ताला फोन.

तुझी,
मंगल